रत्नाआक्कांचं गाळणं

रत्नाआक्का कुणाच्याही घरी गेल्या तरी पाणी देणाऱ्याला आधी विचारायच्या, "गाळलंय न्हवं?" जैन घरची रीत ती. दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पाण्याचा घोट त्यांच्या तोंडात जायचा नाही. पण त्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं फोन पुढं करून "आक्का, हे धाडू काय?" म्हणायची, तेव्हाही त्या तेच विचारायच्या, "गाळलास काय रं?" नवीन माणूस बुचकळ्यात पडायचा. फोनमध्ये कुठलं आलंय पाणी?

निपाणीजवळच्या आमच्या गावात त्या मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या सोप्यात दोन जुने संगणक मांडले आणि गल्लीतली बारकी पोरं गोळा केली. पोरं तिथं चित्रं काढायची, ती हलवायची, त्यांना आवाज द्यायची. मी माझ्या तेजूला सोडायला जायचे आणि विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन दारातच बसायचे. मला चारचौघांत बोलता येत नाही. आक्कांनी बोल म्हणून कधी छळलं नाही. "तू वळ गं, आमी खेळतो," म्हणायच्या. आणि खरंच खेळायच्या. पोरांच्या चित्रातला कोंबडा आरवला की त्या त्याच्यापेक्षा मोठ्यानं आरवायच्या. शेजारच्या घरातला खरा कोंबडा मग भर दुपारी उत्तर द्यायचा.

केलेली गोष्ट बाहेर दाखवायची झाली की मात्र गाळणं आलं. नाव, शाळा, घर, चेहरा, यातलं काही चित्राबरोबर जात नाही ना, ते पोरांनी आपणच बघायचं. "पाण्यात जीव असत्यात म्हणून आमी गाळतो," त्या सांगायच्या. "चित्रात तुमचा जीव असतोय. ते न गाळता वतायचं व्हय जगात?"

एकदा अभयनं आपल्या कोंबडीचा व्हिडिओ केला. कोंबडी गाणं म्हणते असं त्यात होतं. सगळी पोरं लोळून हसली. आक्काही हसल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "अभ्या, कोंबडीच्या मागं दोरीवर तुझ्या आज्जीची चोळी वाळत घातलीया. आज्जीला विचारलास?"

"चोळीला काय विचारायचं, आक्का?"

"चोळीला न्हाय, आज्जीला. तिचं हाय ते."

अभय पळत गेला आणि आज्जीलाच घेऊन आला. म्हातारीनं ठेवणीतलं लुगडं नेसून नाकात नथ घातली होती. "चोळी कशाला दावतोस मुडद्या," ती म्हणाली, "दावायचं तर मला दाव की." तिची समजूत घालता घालता आक्कांच्या नाकी नऊ आले. शेवटी कोंबडीच्या गाण्याला म्हातारीचा नुसता आवाज घ्यायचं ठरलं. तो व्हिडिओ फार गाजला.

आमची तेजू माझ्यावर गेलेली. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायलासुद्धा तिचं तोंड उघडायचं नाही. पण आक्कांकडे तिनं एक म्हैस केली. म्हैस शेपूट गरगर फिरवते, शेपटीचा पंखा होतो आणि ती तंबाखूच्या शेतावरून, लाल बसच्या टपावरून उडत निपाणीच्या बाजारात उतरते. तिथं दुकानदाराला दरडावून विचारते, "हिरवा चारा हाय काय? न्हाय तर मी कोल्हापूरला चाललो." तो आवाज तेजूचा. मी दारात बसून ऐकला आणि माझ्या हातातलं पान उलटंच वळलं गेलं. माझी पोर इतक्या मोठ्यानं बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं.

मुलांच्या गोष्टी दाखवायचं इंटरनेटवर एक ठिकाण होतं. तिथं मोठी माणसं आधी तपासत आणि मगच ती गोष्ट लागे. पोरांनी टोपणनावं घेतली होती. अभय झाला 'शेंगदाणा', दुसरी एक 'ढब्बू मिरची'. तेजूची पाळी आली तशी ती रडायलाच लागली. "मग हे मी केलंय म्हणून कुणाला कळणार?"

आक्कांनी पदरानं तिचे डोळे पुसले. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा उद्या यायच्या आत तेजूच्या वडिलांनी घोटाळा केला. ते टेम्पो चालवतात, माणूस मोकळा. म्हैस बघून त्यांना इतका आनंद झाला की फोनवर जेवढे गट होते त्या सगळ्यांवर ती टाकली. सोबत शाळेच्या गणवेशातल्या तेजूचा आमच्या दारातला फोटो, तिचं नाव, इयत्ता, गाव आणि स्वतःचा नंबर. फोटोत मागं आमची खरी म्हैस उभी होती. पुढं पाठवता पाठवता लोकांनी चित्र गाळलं आणि फोटो ठेवला.

सकाळपासून फोन सुरू झाले.

"म्हैस कितीला देणार?"

"द्यायची न्हाय हो, ती उडती म्हैस हाय," तेजूचे वडील हसत सांगायचे.

"उडू दे की. दूध किती देती?"

दुपारपर्यंत घरात नुसता हशा होता. मग एक फोन आला. गोड आवाज, चित्राचं कौतुक, तेजूकडं फोन द्या म्हणाला. द्यायचं टाळलं तर विचारलं, पोरगी शाळेतून किती वाजता सुटते, एकटीच येते का. तेजूच्या वडिलांनी फोन ठेवला. "फोन बंद, क्लास बंद," ते म्हणाले. "म्हैसबी बंद." तेजू धान्याच्या पोत्यांमागं जाऊन बसली ती बाहेर येईना.

आक्कांना कळलं तशा त्या आल्या. मला वाटलं, आता यांची खरडपट्टी निघणार. पण त्या भिंतीला टेकून बसल्या आणि तेजूच्या वडिलांना म्हणाल्या, "शिवा, पोरीवर जीव हाय तुझा. न गाळता वतलास, एवढंच. आता टाकलंस तिथनं काढ, आणि ज्यांनी पुढं धाडलंय त्यांना फोन लाव. त्या नंबरचं पोलिसांत कळव. शाळेतबी सांग, आणि थोडे दिवस तू सोडायला जा."

ते मुकाट्यानं सगळं करत गेले. शेवटी म्हणाले, "पर आक्का, माझ्या पोरीनं नाव का लपवायचं? तिनं काय चोरी केलीया?"

पोत्यांमागून तेजूनं डोकं वर काढलं. तिचाही प्रश्न तोच होता.

"पाणी गाळल्यावर कापडावर जे ऱ्हातंय ते आमी गटारात टाकतो काय रं?" आक्का म्हणाल्या. "न्हाय. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हळूच परत सोडतो. त्यात जीव हाय म्हणून. पोरीचं नाव गाळलं, ते टाकून द्यायचं न्हाय. घरी आणून सोडायचं. ऐतवारी सगळी या माझ्याकडं."

रविवारी दुपारी त्यांनी सोप्याची दारं लावून घेतली आणि भिंतीवर पांढरी चादर ताणली. पोरांच्या घरची माणसं तेवढी आत, फोन सगळ्यांचे बाहेर एका टोपलीत. एकेकाची गोष्ट चादरीवर दिसायची, मग ते पोर उभं राहून सांगायचं की हे मी केलंय.

म्हैस उडाली तेव्हा अभयची आज्जी हसून हसून खाली बसली. मग तेजू उभी राहिली. आवाज फुटेना. आणि एकदम धरण फुटावं तशी ती बोलायला लागली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, इयत्ता, तुकडी, गल्ली, बापाचा नंबर, म्हशीचं नाव, म्हशीच्या आईचं नाव.

"साकु, साकु," आक्का कानडीत पुरे पुरे म्हणत पोट धरून हसत होत्या. "आता रेशनकार्ड तेवढं ऱ्हायलं गं."

त्याच दिवशी तेजूनं टोपणनाव निवडलं, 'उडती शिंगं'. त्या नावानं म्हैस इंटरनेटवरच्या त्या ठिकाणी लागली. क्लास सुरू राहिला.

पुढं आक्कांचे गुडघे गेले आणि मुलानं त्यांना बेळगावला टिळकवाडीत नेलं. क्लास आता त्यांची सून महिन्यातून दोनदा येऊन घेते. परवा मी स्वतः नंबर लावून आक्कांना फोन केला. म्हटलं, आक्का, इंटरनेटवर म्हशीखाली कुणीतरी लिहिलंय, 'आम्ही सगळे फार हसलो, तुझं खरं नाव काय?'

"मग? काय लिवलं तिनं?" आक्का घाईनं म्हणाल्या.

उत्तर लिहिताना तेजूनं मला विचारलंही नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"ते घरी आहे. घरात सगळे मला त्याच नावानं हाक मारतात."