कायम व्हायचा दिवस

सोळाव्या वर्षी मी सोलापूरच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रिळाच्या खात्यातली कोणी आजारी पडली तर तिच्या जागी त्या दिवसापुरतं सूत गुंडाळायचं. त्यामुळे भोंग्याआधी गेटावर उभ्या राहिलेल्या आम्ही पोरी आत जाणाऱ्या बायांच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करायचो. सगळ्या धडधाकट दिसल्या की आमची तोंडं उतरायची.

आत कोणाला घ्यायचं हे आमच्या खात्याची मुकादम, म्हणजे नायकीण ठरवायची. तिची मर्जी मिळवायला आम्ही तिच्या घरी भाकऱ्या थापल्या, शेंगा फोडल्या, तिच्या रेडकाला पाणी पाजलं. ते रेडकू तिच्यापेक्षा मलाच जास्त ओळखायचं. मी कायम कामगार व्हावं, हा माझ्या आईचा एकच ध्यास होता. मोहोळहून आल्यापासून घर तिच्या मोलमजुरीवर चालायचं, आणि आता तिचे गुडघे बोलायला लागले होते.

खात्यात एक तेलुगू बाई होत्या. सगळ्या त्यांना अक्का म्हणत. त्या युनियनच्या. एकदा आम्हाला म्हणाल्या, "तुमीबी नावं घाला की."

"आमाला कामच न्हाय, आमी युनियनीत येऊन काय करू?" मी म्हणाले.

"नायकिणीचा जोर कशात हाय? तुमच्यात! 'तू न्हाय तर गेटावर धा उब्या हायत,' म्हनती ती. त्या धांनीच न्हाय म्हनलं तर?"

हे मात्र आम्हाला पटलं. युनियनच्या कचेरीत चष्मेवाल्या चिटणिसांनी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. आमच्यातली सांगोल्याकडची एक धनगराची पोर म्हणाली, "अंगठा तर माजा आज्जा सावकाराकडंबी उठवायचा. भंडारा उचलू या, भंडारा."

देवाची हळद उचलून दिलेला शब्द मोडायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चिटणीस म्हणाले, "युनियनमध्ये देवधर्म नसतो." पण आम्ही ऐकतोय कुठं! तिनं कनवटीचा भंडारा काढला. अन्यायानं काढलेल्या बाईच्या जागेवर बसायचं नाही, असं म्हणत एकेकीनं तो उचलला. शेवटी चिटणिसांच्या कपाळावरही पिवळं बोट उमटलं आणि ते पुसत पुसत त्यांनी आमची नावं लिहून घेतली.

नायकिणीची भाचीही आमच्यासारखीच बदली होती आणि राहायला मावशीकडेच होती. तिला आम्ही यातलं काही कळू दिलं नाही.

पुढे अक्कांनी नायकिणीच्या घरी शेंगा फोडायला जायचं नाकारलं आणि नायकिणीने त्यांना कामावरून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटावर येऊन तिनं सरळ मलाच हाक मारली. "चल गं, अक्काची जागा तुला. आजपासनं कायम!"

आईचे गुडघे डोळ्यांपुढे आले. "न्हाय," मी म्हणाले आणि भोकाड पसरलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला युनियनचा, अक्कांचा आणि त्या हळदीचाही भयंकर राग आला होता.

नायकिणीने दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळ्याजणी जमिनीकडे बघत न्हाय म्हणाल्या. मग तिनं हसून भाचीचा हात धरला. "चल बाई, तुजंच नशीब."

"न्हाय मावशी," भाची म्हणाली.

अक्कांच्या जागेवर सूत पडून राहिलं, गिरणीचा गोरा साहेब नायकिणीवर ओरडला, आणि दुपारच्या आत अक्का पुन्हा कामावर रुजू झाल्या. आम्ही सगळ्या बिनकामाच्या, तरी नाचत घरी गेलो. माझी आई मात्र नाचली नाही. सगळं ऐकून घेऊन तिनं माझ्याशी अबोला धरला.

संध्याकाळी भाची आमच्या दारात उभी राहिली. काखेत बोचकं होतं. मावशीनं तिला घराबाहेर काढलं होतं.

आईनं विचारलं, "ह्यांनी भंडारा उचलला हुता. तू कशापायी न्हाय म्हनलीस गं?"

"ह्या समद्या भाईर उब्या, आन मी एकलीच आत जाऊन बसू व्हय?"

आई तिच्या काखेतलं बोचकं काढून घेत दुपारपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "उद्या हिला संगट घिऊन जा. आन त्या चिटणिसाला सांग, हिचंबी नाव घाल म्हनावं."