बाभळीचा कोळसा

कोळशाचा तुकडा पिंपात टाकण्याआधी मिस्त्री तो दुसऱ्या तुकड्यावर वाजवून बघत. खणखणीत वाजला तर ठीक, नाहीतर बाजूला.

सगळे तुकडे सुपारीएवढेच लागत. मोठा सापडला तर फोडणाऱ्याकडे नुसतं बघत.

इंजिन लावण्याआधी विडी पेटवत, धूर कुठे जातो ते बघत आणि लोकांना दुसऱ्या बाजूला बसवत. "या गॅसले वास नाई गा. माणूस बसल्या जागी झोपते," म्हणत. विडी मात्र पुरती ओढत नसत.

गॅस आला की नाही हे नळीच्या तोंडाशी काडी धरून बघत. ज्योत निळी होईपर्यंत कुणाशी बोलत नसत.

आमच्या घरी चहा घेत नसत. "आत्ताच पिऊन आलो," म्हणत. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळी कपबशी होती, गोठ्याच्या वळचणीला खोचलेली. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

शालिकराम गजघाटे त्यांचं नाव. गाव आमचंच, हुडकेश्वरच्या पुढे उमरेड रस्त्यावर. १९७४ साली ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. मी तेवीस वर्षांचा, नागपुरात मराठी घेऊन एम.ए. झालेला आणि नोकरी नाही म्हणून घरी बसलेला.

गावात त्यांना सगळे शालक्या म्हणत. माझ्या वयाची पोरंसुद्धा. मीही म्हणत असे.

त्या उन्हाळ्यात डिझेल मिळेनासं झालं. पंपावर माणसांऐवजी कॅनची रांग असे. संत्र्याच्या बगीच्यांना पाणी नव्हतं. मोटा कधीच अडगळीत गेल्या होत्या. आंबिया बहाराची बोराएवढी फळं गळू लागली.

मे महिन्यात शालिकराम एक बैलगाडी घेऊन गावातल्या रुपरावकाकांच्या विहिरीवर आले. गाडीवर भंगारातून आणलेलं जुनं रॉकेलचं इंजिन होतं. शेजारी डांबराचं पिंप, त्यातून निघालेली नळी आणि काथ्या भरलेला एक डबा. पिंपात कोळसा पेटवायचा आणि हवा थोडीच द्यायची. कोळसा पुरता जळत नाही, त्याचा गॅस होतो. तो काथ्यातून गाळून इंजिनात जातो.

"हे कुठं शिकला रे?" रुपरावकाकांनी विचारलं.

"लढाईच्या टायमाले. पेट्रोल नव्हतं तवा मोटारी अशाच चालत. मी किलिंडर होतो. चढ आला का पॅसिंजर खाली, अन् मी मागं पंखा फिरवून राहिलो."

लोक हसले. मग इंजिन सुरू झालं आणि हसणं थांबलं. पाणी पाटात आलं. रुपरावकाका पाटात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "वा गा मिस्त्री!"

त्या दिवसापासून ते मिस्त्री झाले. महिन्याभरात त्यांनी सात विहिरींवर इंजिन चालवलं, आमच्याही. माझे वडील गणपतराव कुणाला सहसा अहो म्हणत नसत. तेही म्हणाले, "मिस्त्री, उद्या आमच्याकडे या." मिस्त्रींनी मान हलवली आणि उगाच पट्टा ताणून बघितला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी रोज त्यांच्याबरोबर असे. कोळसा ते स्वतः करत. त्यांच्या शेतामागे बाभळीच्या फांद्या रचायच्या, वर पालापाचोळा, त्यावर चिखलाचं लिंपण, आत धुमसतं ठेवायचं. मी फांद्या ओढल्या आहेत. तुकडे फोडले आहेत. ते मला मास्तर म्हणत.

"मास्तर, तुमी पुस्तकं लिहान तवा यात लिहा, का बाभूळ चांगली. कडुनिंब नाई."

"का?"

"लिहा तर खरं. काहून ते मग सांगतो."

पोळ्याला आमच्याकडे बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. चार ओळी, गावातल्या कुणाची तरी टर, आणि मग हर हर महादेव. त्या वर्षी पोरांनी मला धरलं. एवढा शिकलास, एक तरी म्हण. मला कुणीतरी ऐकावं असं फार दिवस वाटत होतं. मी दुपारी बसून रचली आणि संध्याकाळी तोरणाखाली मोठ्याने म्हटली.

पंपावर नाही डिझेल, इंजिन मांगे घास,
मिस्त्री गेला मसणात, कोळशाची आणली रास.
आजा जळला घाटावर, राहून गेली धग,
नातवाच्या संत्र्याले पाणी लागलं मग!

असं हशाचं मोहोळ उठलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. लोकांनी दोनदा म्हणायला लावली. मिस्त्री गर्दीच्या कडेला, त्यांच्या मोहल्ल्यातल्या माणसांबरोबर उभे होते. तेही हसले. निदान मला तसं दिसलं.

कोळसा बाभळीचा आहे हे गावात सर्वांत जास्त मलाच माहीत होतं. मला 'घास'ला 'रास' जमवायची होती; ती कुठून आणायची, म्हणून मसण आलं.

त्या वर्षी गावात एकच आजा गेला होता, रुपरावकाकांचे वडील. एप्रिलमध्ये. आणि पहिलं पाणी त्यांच्याच बगीच्याला लागलं होतं. माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं. रुपरावकाकांच्या आईच्या आलं. तिने दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या झाडांखालची माती हातात घेतली आणि जेवण टाकलं.

आठ दिवसांत झडतीची बातमी झाली. कुणीतरी मिस्त्रींना घाटाकडून येताना पाहिलं होतं. घाट नाल्याच्या वाटेवर आहे, सगळेच तिकडून येतात. कुणी म्हणालं, त्यांचं ते जुनंच काम.

दिवाळीनंतर बगीच्याला पुन्हा पाण्याची गरज लागली. जेवताना वडील म्हणाले, "आता त्याचं इंजिन आपल्या विहिरीवर नको. रुपरावाकडचे लोक बोलून राहिले. डिझेल मिळते आता थोडंथोडं, मी रांगेत उभा राहीन."

मी समोर बसलो होतो. 'मसणाचं मीच रचलं,' एवढे तीन शब्द होते. मी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि खाल्ला. आईने विचारलं, अजून वाढू? मी हो म्हणालो.

माफी मागायला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री नव्हते. त्यांच्या पत्नी अंजनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो. त्यांनीच विषय काढला.

"भाऊ, तुमाले एक सांगू? रागावू नका."

"सांगा ना."

"आमचा सासरा गावच्या मयतीले लाकडं नेऊन टाके. रीतच होती. कोणी मेलं का आमचं घर लाकडं वाहे. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेऊन आला अन् सांगून देलं, आता लाकूड उचलनार नाई. त्या वर्षी आमाले गावात कोणी कामाले बलावलं नाई. पोट बांधून ऱ्हायलो, पण लाकूड उचललं नाई." त्यांनी सुपातला खडा काढून बाहेर टाकला. "हे तवा एकोणतीस वर्साचे होते. तुमच्या झडतीनं ह्यांच्या हातात ते लाकूड पुन्यांदा देलं, भाऊ."

उठताना त्यांनी "चहा घेता का?" विचारलं. मी म्हणालो, "आत्ताच पिऊन आलो."

डिसेंबरात मिस्त्री स्वतः आमच्या अंगणात आले. पायरीच्या खाली उभे राहिले.

"मास्तर, मी एक ठरवलं. कोळसा चव्हाट्यावर करतो. रस्त्याच्या कडेले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पाहू द्या लोकाले कशाचा होते तो. रविवारी. तुमी याल?"

"येईन."

"तुमी दोन शब्द बोलान? तुमचं ऐकतात लोक."

"बोलेन," मी म्हणालो.

ते खूश झाले. मला त्यांनी झडतीबद्दल तेव्हाही काही विचारलं नाही, आधीही नाही.

रविवारी सकाळी शाळेजवळच्या मोकळ्या जागेत त्यांनी बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या. एकेक फांदी उचलून लोकांना दाखवत होते. "हे पाहा, साल पाहा. काटे पाहा." तीस-चाळीस माणसं जमली असतील. वडील होते. रुपरावकाका होते. मी शाळेच्या भिंतीला टेकून उभा होतो, खिशात लिहून आणलेला कागद घेऊन.

मिस्त्रींनी फांद्या रचायला घेतल्या. खाली जाड, वर बारीक. आडव्या, मग उभ्या. मग पाला घातला आणि घमेल्यातला चिखल घेऊन एका बाजूने लिंपायला लागले. हात भरभर चालत होते. मध्येच मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता बोला, असं ते बघणं होतं.

मी कागद बाहेर काढला. वडिलांनीही माझ्याकडे बघितलं. मी कागद उघडला नाही.

तेवढ्यात रुपरावकाका म्हणाले, "काहून रे शालक्या, आता कोणाचं सरण रचून राहिला?"

पोळ्यासारखंच हसले सगळे. कुणीतरी मागून माझीच पहिली ओळ म्हटली, आणि बाकीच्यांनी पुढची.

मिस्त्री थांबले. हात चिखलाचे होते, ते त्यांनी एकमेकांवर घासले. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. शाळेच्या हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, धोतराला पुसले, आणि रस्त्याने निघून गेले. लोक पांगले. मीही वडिलांच्या मागे घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात ते आणि अंजनाबाई एस.टी.ने नागपूरला गेले. तिकडे कुठल्याशा वर्कशॉपमध्ये हेल्पर लागले असं ऐकलं. इंजिन भंगारवाल्याने नेलं. मी जानेवारीत उमरेडला शिक्षक झालो. मुलं आता मला सर म्हणतात.

उमरेडला जाण्याआधी एकदा मी शाळेजवळ गेलो. ढीग तसाच होता. एक बाजू गुळगुळीत लिंपलेली, दुसरीकडून बाभळीची साल आणि काटे दिसत होते. घमेल्यातला चिखल वाळून कडेपासून सुटला होता. माथ्यावर धूर जायला भोक ठेवायचं असतं. तिथवर आलेल्या लिंपणात त्यांनी काडीने गोल आखून ठेवला होता. पाडायचं राहिलं होतं.