अण्णा कोनाड्याकडे बोट दाखवायचे

आधीच सांगते, म्हणजे कॉमेंटमध्ये कुणी माझी शाळा घ्यायला नको — आमच्या घरात असल्या गोष्टींचं नाव काढायची सोय नव्हती. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आजोबांनी देव्हारा काढून टाकला. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. अंगात आलेल्या बाईलाही "बसा बाई, पाणी प्या" म्हणणारे. मी त्यांचीच लेक. त्यामुळे हे लिहिताना मला थोडी लाजच वाटते... आणि तरीही लिहितेय, इतकं ते ताजं आहे!

गाव मुरुड. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या कलेक्टर ऑफिसात मी टायपिस्ट होते, रोज एसटीनं ये-जा. त्या उन्हाळ्यात दुष्काळ असा की, टँकर यायचा, शाळेमागच्या आडात पाणी ओतायचा, आणि बायका ते शेंदून घरी न्यायच्या.

अण्णांना वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा — "हाव". हो म्हणायचं असलं तरी हाव, नाही म्हणायचं असलं तरी हाव. जन्मभर वर्गात बोललेला माणूस! माझी धाकटी बहीण कमल, तिला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या सुरू केल्यापासून मात्र तीन वर्षांत एकही नाही. आजारी पडेपर्यंत अण्णा स्वतः समोर बसून तिला गोळी घ्यायला लावायचे.

त्या आठवड्यात अण्णांचं नवीनच सुरू झालं. डाव्या हातानं कोनाड्याकडे बोट दाखवायचे आणि "हाव, हाव" करायचे. कोनाड्याखाली पाण्याची घागर होती, म्हणून आम्ही पाणी द्यायचो. ते तोंड फिरवायचे. एकदा तर पेलाच उडवला. माय कावली, "टँकरचं पानी हाय ते! लेकरागत काय करून राहिलेत?" मीही ओरडले त्यांच्यावर. हो, मीही.

रविवारी भरदुपारी टँकरचा हॉर्न वाजला आणि कमल कळशी, बादली, दोर घेऊन गेली. मी अण्णांचे केस विंचरत होते. दहा मिनिटं झाली असतील. अण्णा एकदम ताठ झाले, माझं मनगट घट्ट धरलं आणि — स्वच्छ, वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात —

"कमलला धर! पळ!"

मी पळाले. अनवाणी! घरातून आड दिसत नाही बरं का, मध्ये शाळेची अख्खी इमारत. वळसा घालून पोचले, तर कमल आडाच्या काठावर वाकलेली, हातात दोर, आणि नजर... कुठेच नाही. हाक मारली, तिला ऐकूच जाईना. मी कमरेला मिठी मारून तिला मागे ओढलं. दोघी पडलो, बादली दोरासकट आत गेली, आणि माझ्या अंगावरच तिचं अंग झटके द्यायला लागलं. मला यायला जरा उशीर झाला असता तर...

बायका धावल्या. "चप्पल हुंगवा! कांदा आना कुनीतरी!"

"काही नको, लांब व्हा!" मी किंचाळले. कमलला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर घातला, तोंडात काहीही घालू दिलं नाही. अण्णांनीच शिकवलं होतं ते सगळं. दोन मिनिटांत झटके थांबले.

घरी आल्यावर, शुद्धीवर येऊन कमल रडायला लागली. किनवटहून तिला बघायला पाहुणे येणार होते. "आत्या म्हनली, गोळ्या खानारी पोरगी कोन करील? मंग आठ दिस झालं, म्या रोजची गोळी चुलीत टाकून राहिले."

चूल अण्णांच्या बाजेसमोर. आणि गोळ्यांचा डबा कोनाड्यात, घागरीच्या बरोबर वर.

लातूरचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या अशा एकदम सोडल्या की फिट येणारच. आणि वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडूनही कधीकधी जीव कळवळला की एखादं वाक्य सुटतं. "पण शाळेपलीकडचं त्यांना त्याच मिनिटाला कसं कळलं?" मी विचारलं. "ते मला नका विचारू," म्हणाले.

पाहुणे खरं ऐकून चहा पिऊन गेले ते गेलेच. कमल आज साठीत आहे, गोळी चुकवत नाही. अण्णा पुढे चार वर्षं जगले, पण "हाव"शिवाय एक अक्षर बोलले नाहीत. कसं कळलं म्हणून मी त्यांना शंभरदा विचारलं असेल. उत्तर एकच — हाव. मला अजून काही उलगडा झालेला नाही, तुम्हाला होत असेल तर सांगा.

त्या रविवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा कोनाड्याकडे बोट दाखवलं. मी घागरीला हात लावला नाही. डबा काढला, त्यांच्यासमोर कमलला गोळी दिली. त्यांनी हात खाली घेतला. मग मी पाण्याचा पेला पुढे केला, आणि अण्णांनी एक थेंबही न सांडता तो रिकामा केला.