पिवळ्या बर्फावरची फायनल

सेमीफायनलचा निकाल अजून जाहीर व्हायचा होता. रेफरी मॅडम व्हिडिओ तपासत होत्या. तेवढ्यात बर्फाच्या रिंकचा पलीकडचा कोपरा पिवळा झाला.

मी चिलर रूमच्या काचेतून बघत होतो. प्रेक्षकांच्या बाजूने भंडाऱ्याच्या मुठी येत होत्या. शेळगावहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती आणि त्यांचा नवनाथ सेमीफायनलमध्ये पहिला आला होता. त्यांच्याकडे पहिला येणाऱ्यावर भंडारा उधळतात. शर्यतीचा बैल असो, पैलवान असो, नाहीतर सरपंच. बर्फावर घसरणारा माणूस त्या रांगेत नव्याने आला होता, एवढंच.

माझं काम बर्फ करण्याचं. मी रेफ्रिजरेशन इंजिनीअर. आधी इंदापूरच्या बाजूला दूध थंड ठेवायचो, नंतर डाळिंबं. मग बारामतीत एका क्रीडासंस्थेने बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजच्या शेडमध्ये आइस रिंक उभी केली आणि मला तिथे बोलावलं. रिंक कशासाठी, याचं उत्तर उद्घाटनाच्या भाषणात मिळालं होतं. आसपास कुठेच नाही म्हणून. आमच्या भागात एवढं कारण पुरतं.

स्पर्धा होती शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची. पुरुष, पाचशे मीटर. हा या खेळातला स्प्रिंट. अंडाकृती ट्रॅकचे साडेचार फेरे. धावण्याच्या शर्यतीसारख्या आखलेल्या लेन नसतात. चार-पाच जण एकत्र सुटतात आणि वळणावर इतके कलतात की आतला हात बर्फाला टेकतो. त्या क्षणी माणूस आणि भिंत यांच्यामध्ये असते फक्त स्केटच्या पात्याची धार. धार गेली की माणूसही जातो.

फायनलमधले पहिले दोघे राष्ट्रीय शिबिराला जाणार होते. फायनल झालीच नाही, तर सकाळच्या टाइम ट्रायलवरून, म्हणजे एकेकट्याने धावून नोंदवलेल्या वेळेवरून, निवड होणार होती. त्यात नवनाथ चौथा होता. एकटा असला की तो साधारण, समोर कुणी असला की वेगळा. आधी बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला चाकांचे स्केट घालून पळायचा. रिंक झाल्यापासून रोज पहाटे मोटारसायकलवर इथे. शिबिराला जायचं, याशिवाय दुसरं काही त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. थोडक्यात, फायनल होणं त्याच्या फायद्याचं होतं आणि ती थांबवण्याची व्यवस्था त्याच्याच चुलत्यांनी केली होती.

चुलते म्हणजे बापूतात्या. मी पोचलो तेव्हा त्यांची पिशवी अर्धी रिकामी झाली होती.

"तात्या, हे काय केलंत?"

"भंडारा हाय. देवाचा हाय. त्यानं कुणाचं वाईट व्हत न्हाय."

"देवाबद्दल माझी तक्रार नाही. पात्याखाली कण येतात."

"मग घ्या की पुसून."

नवनाथ कठड्यापाशी आला. हेल्मेट हातात, चेहरा लाल. "तात्या, ही सेमी व्हती. फायनल आजून ऱ्हायलीय."

"म्हंजी आजून एकदा उधळायचा? बरं झालं राखून ठेवला."

नवनाथने पिशवी ओढून घेतली आणि माझ्याकडे दिली.

हळद कोरडी असताना काढणं सोपं असतं. आमच्याकडे बर्फ तासणारं मशीन आहे. ते आधी पात्याने वरचा थर खरवडतं आणि मग मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडतं. तो गोठला की आरशासारखा पृष्ठभाग मिळतो. मशीन चालवतो शिवा. तो त्याला ट्रॅक्टर म्हणतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आधी नुसतं खरवड, पाणी बंद ठेव. मग मी रेफरी मॅडमकडे वेळ मागायला गेलो.

परत आलो तर निम्मी रिंक हळदीच्या दुधासारखी दिसत होती.

"शिवा, पाणी कुणी सोडलं?"

"आबा म्हणले, पाणी मार. म्हणून मारलं."

आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा ऊस मोठा आहे. उसावर काहीही पडलं, धूळ, राख, कीड, तर ते आधी पाणी सोडायला सांगतात आणि पुढचं नंतर बघतात. बर्फ हे पाण्याचंच पीक आहे असा त्यांचा समज असावा.

"इंजिनीअर, एवढं काय त्यात?" आबा म्हणाले. "डाग पसरला की फिका पडतो."

"आबा, डाग नव्हता, भुकटी होती. आता ती बर्फात गोठली."

रेफरी मॅडम पुण्याच्या. त्यांनी हातमोजा काढला, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "यावर मी रेस घेणार नाही."

"मॅडम, पिवळा रंग शुभ असतो," आबा म्हणाले.

"असेल. नियमात तशी सोय नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती वेळ लागेल?"

"थर उतरवायचा, नवा चढवायचा, गोठू द्यायचा. तासभर."

"एक तास देते. त्यात झालं नाही तर फायनल रद्द, टाइम ट्रायल धरू."

नवनाथ कठड्याला टेकून हे ऐकत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी शिवाकडे पाहिलं, शिवा ट्रॅक्टरवर चढला.

आबांची अडचण वेगळी होती. "पाहुण्यांना बावड्याला लग्न गाठायचंय. तासभर थांबायचे न्हाईत."

प्रमुख पाहुणे एक माजी पदाधिकारी होते. कशाकशाचे माजी, ते सगळं छापायला पत्रिकेवर जागा पुरली नव्हती. ते वातानुकूलित शेडमध्ये शाल पांघरून बसले होते. ती शाल त्यांना स्वागतात मिळाली होती आणि त्या दिवशी उपयोगाला आलेली ती एकमेव भेटवस्तू होती.

आबांनी दोन मिनिटं विचार केला आणि तोडगा काढला. "मग बक्षीस आधी देऊन टाकू."

"कुणाला?" मॅडमनी विचारलं.

"नवनाथला. पहिला आलाय न्हवं?"

"सेमीफायनलमध्ये."

"पहिला तो पहिला. ऱ्हायलेल्यांना मागनं देऊ."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "कार्यक्रम तुमचा. निकाल माझा," म्हणाल्या आणि परत व्हिडिओच्या खोलीत गेल्या.

एक मान्य करायला हवं. त्या सत्काराने आबांना बर्फापासून लांब ठेवलं. कठड्याच्या बाहेर सतरंजी घातली गेली. प्रास्ताविक झालं. ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं त्यांची माफी मागण्यात आली आणि मग त्यांची नावं घेण्यात आली. पाहुण्यांनी बर्फ, हिमालय, शेतकरी आणि तरुण पिढी यांचा परस्परसंबंध सांगितला. एरवी असली भाषणं ऐकताना मी घड्याळ बघतो. त्या दिवशी ती लांबावीत असं वाटणारा शेडमधला मी एकटाच असेन. शिवा खरवडत होता. पहिल्या फेरीत पिवळा चुरा निघाला, मग फिका, मग पांढरा. वळणावर थर पातळ होता, विजेची बचत म्हणून संस्थेच्या समितीने तो तसाच ठेवायला लावला होता. तिथे मी मशीन थांबवून हाताने खरवडलं. मग पाण्याचे दोन पातळ थर दिले. तासाच्या आत रिंक तयार होती. इतका चांगला बर्फ माझ्याकडून आधी झाला नव्हता.

पुढचा भाग मी पाहिला नाही. तो घडला तेव्हा मशीन थांबवून मी वळणावर गुडघ्यांवर खरवडत होतो आणि शिवा मोकळा होता. शिवाने आणि नवनाथने वेगवेगळं सांगितलेलं जुळतं, म्हणून लिहितो.

कप दिल्यावर पाहुणे निघाले. गाडीपाशी गेल्यावर त्यांना फोटो आठवला. गाडीसोबत, कपसोबत, खेळाडूसोबत.

"पोराला बुटांसकट आणा," आबा म्हणाले. "बूट दिसलं पाहिजेत. त्याशिवाय कळायचं कसं कशाचा खेळाडू हाय?"

बर्फाबाहेर चालताना पात्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं चढवतात. नवनाथची कव्हरं ड्रेसिंग रूममध्ये होती. तो म्हणाला, कव्हरं घेऊन येतो.

"दोन पावलं तर हायेत," बापूतात्या म्हणाले. "पावनं खोळंबल्यात. चल."

एका बाजूने चुलते, दुसऱ्या बाजूने आबा. त्यांना नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. पार्किंग सिमेंटचं होतं, वर बांधकामाची उरलेली खडी. नवनाथ गाडीपर्यंत गेला. पहिल्या फोटोत पाहुण्यांचे डोळे मिटले, म्हणून दुसरा काढला. मग टेम्पोतल्या मंडळींना एकेकट्याने काढायचा होता. प्रत्येकासाठी तो थोडा सरकत होता.

शॉर्ट ट्रॅकचं पातं खास पट्टीत बसवून, दगडाने घासून, बोटाने चाचपून धार लावतात. त्याने आदल्या दिवशी संध्याकाळभर तेच केलं होतं.

तो आत आला तेव्हा सेमीफायनलचा निकाल लागून बाकीचे तिघे बर्फावर उभे होते. त्याने बाकावर बसून पात्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. मी शेजारीच होतो.

"सर, पाच-सहा जागी दात पडल्यात."

"मॅडमना वेळ मागू?"

मी मागितला. मॅडम म्हणाल्या, "बर्फ खराब झाला, मी थांबले. स्केट ज्याचे त्याने सांभाळायचे. एकासाठी तिघांना गार पडू देणार नाही." नियमाप्रमाणे त्या बरोबर होत्या. त्या दिवशी नियमाप्रमाणे वागणाऱ्या त्या एकट्याच होत्या, त्यामुळे वाद घालायला मला तोंड नव्हतं.

नवनाथने दगडाचे चार हात मारले आणि बर्फावर उतरला.

सुरुवात त्याचीच झाली. पहिल्या वळणाला पुढे, पहिला फेरा पुढे. शेळगावकर कठड्यावर चढले. दुसऱ्या फेऱ्यात, मी हाताने खरवडलेल्या त्याच वळणावर, त्याने पूर्ण कल घेतला. उजव्या पात्याची पकड सुटली. बर्फावर एक ओरखडा उठला आणि तो आडवा होऊन कडेच्या गाद्यांवर आदळला. उठला, पळाला, चौथा आला. धावणारे चारच होते. नागपूरचा पहिला, पुण्याचा दुसरा. कुणी कुणाला अडवलं नव्हतं, मॅडमना व्हिडिओ बघावा लागला नाही.

नागपूरच्या मुलाने अदबीने विचारलं, "सर, कप?"

कप तोपर्यंत पहिल्या टेम्पोतून शेळगावच्या वाटेला लागला होता. आबांनी त्याला संस्थेच्या इमारतीचं चित्र असलेलं स्मृतिचिन्ह दिलं.

बापूतात्या कठड्यापाशी उभे होते. "पडला," ते म्हणाले. मग म्हणाले, "जाऊ द्या. कप तर आपल्याकडंच हाय."

नवनाथ बूट सोडत होता. त्याने मान वर केली. "तात्या, कप कशाला पायजे? मला जायाचं व्हतं."

भंडाऱ्याची पिशवी माझ्याकडे होती. मी ती तात्यांना परत दिली. त्यांनी ती बंडीच्या आत ठेवली आणि दुसऱ्या टेम्पोत जाऊन बसले.

पुढच्या समितीच्या बैठकीत ठराव झाला की बक्षीस समारंभ रेसनंतरच घ्यावा. ठराव आबांनी मांडला. दूरदृष्टीबद्दल त्यांचं अभिनंदन करण्यात आलं.

नवनाथ पुढच्याच पहाटे रिंकवर आला होता. पातं पट्टीत बसवून घासत होता. मी चिलरचं प्रेशर बघायला गेलो.

"पुढच्या वर्षी चुलत्यांना तारीख उशिराची सांगतो," तो म्हणाला.

"आणि आबांना?"

"रिंक त्यांचीच हाय, सर." त्याने पातं उलटं केलं आणि दुसरी बाजू घ्यायला सुरुवात केली.

माझ्यापुरता धडा तांत्रिक आहे. हळद तासाभरात निघते. कौतुक निघायला वर्ष लागतं.