पालीसाठी कूलर

घरात पाल दिसली की मी केरसुणी घेऊन धावते, हे माझ्या मुलाला लहानपणापासून माहीत आहे. तरी तो माघात बेंगळुरूहून चिटगुप्प्याला माझ्याकडे आला तो काचेच्या पेटीत एक पाल घेऊनच. क्रेस्टेड गेको म्हणे. अंग मातकट, डोळ्यांवर बारीक काट्यांची झालर, आणि पापणी मिटता येत नाही म्हणून स्वतःचे डोळे जिभेनं चाटणारी. मी म्हटलं, नाव काहीही असो, पाल ती पालच.

कंपनी त्याला परदेशी पाठवत होती. "महिनाभर सांभाळ अव्वा," म्हणाला आणि गेला. महिना संपला, होळी झाली, उगादीचा पाडवाही झाला. पेटी आपली माझ्याच घरात.

खाण्यावरून तो असतानाच आमचं वाजलं होतं. तिला अधूनमधून जिवंत किडे लागतात, डबीत घालून देतो, म्हणाला. ज्या घरात रोज इष्टलिंगाची पूजा होते तिथं मी किडे मारायला देऊ? मी साफ नाही म्हटलं. मग त्यानं फळांची पूड काढून दिली, हिच्यावरही भागतं म्हणाला. ती मी रोज दिवेलागणीला धिरड्याच्या पिठाइतकी सैल कालवायची आणि बाटलीच्या झाकणात घालून फांदीपाशी ठेवायची. मग काचेवर पाणी फवारायचं, ते थेंब ती चाटायची. शेजारच्या अक्का दारातूनच म्हणाल्या, "पाल कामून पाळलाव हो?" मी काय सांगणार, कपाळ?

माझा राग पालीवर नव्हता. मुका जीव तो, त्याला काय कळतं. राग होता फोनचा. हे गेल्यापासून मी एकटीच राहते. पूर्वी मुलाचा फोन आठवड्यातून एखादा यायचा, आता रोज यायला लागला. मी हात पदराला पुसत धावायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "खायलीय का ती?"

"खायलीय. मी जेवले का न्हाई तेबी इचार की," मी एकदा म्हटलंच.

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

उगादीनंतर ऊन तापलं. दोन उन्हाळे मी कूलर मागत होते आणि पुढच्या वर्षी बघू, असं ऐकत होते. यंदा व्हिडिओ कॉलवर त्याला पेटीतला तापमापक दिसला आणि लागलीच कूलर दारात हजर. वर मलाच बजावलं, थेट वारा तिच्या अंगावर नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी कूलर लावला आणि पेटीशेजारी चटई टाकून बसले. पालीच्या कृपेनं मलाही गार वारा लागत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता.

वैशाखात तो परतला आणि गाडी घेऊन तिला न्यायला आला. चप्पल काढली न काढली तोच पेटीपाशी गेला. "अंग धरलंय की हिनं," खूश होऊन म्हणाला. जेवला, आणि एका डब्यात ओलं फडकं घालून तिला अलगद ठेवलं. "आजच निघतो अव्वा. हितल्या उन्हात ती न्हाई टिकायची."

"मी टिकायलेय की."

त्यानं डबा उचलला. तो एकदा तरी मला चल म्हणेल, या एकाच आशेवर मी इतके दिवस ते पीठ कालवत आले होते. तो काही म्हणेना. शेवटी गाडीपाशी लाज गुंडाळून ठेवून मीच विचारलं, "मीबी येऊ का, चार दिस?"

"तिथं दिवसभर कोन नसतंय गं. एकटी पडशील."

"अन् हितं कोन हाय?"

पाल मागच्या सीटवर होती, गाडी सुरू झालेली. "फोन करतो," तो म्हणाला आणि आतली गार हवा जाऊ नये म्हणून त्यानं काच वर घेतली.