डाव्या बाजूचा तंबोरा

"हा डावा," असं म्हणून ती डाव्या कानाखाली वाजवायची. "हा उजवा," म्हणून उजव्या. "अत्ता सांग, मृदंग कोणीकडे बसलाय?" स्टिरिओ म्हणजे काय, हे आमच्या वर्गातल्या आठही जणांना पहिल्याच शनिवारी कळलं. पुस्तकातून कळलं असतं तर आजवर विसरलोही असतो.

आम्ही तिरुवैयारुला संगीत शिकत होतो. मी व्हायोलिन. अभ्यासक्रमात रेकॉर्डिंगचा विषय नव्याने आला आणि तो शिकवणारं तिथे कुणीच नव्हतं, म्हणून आमची रवानगी दर शनिवारी टाउन बसने तंजावूरला, हिच्या घरी. बाकीचे तिला टीचर म्हणत. मी तिच्यासारखाच मराठी घरातला, म्हणून मला अक्का म्हणायची सवलत होती. मारात सवलत नव्हती. साठीची, ठेंगणी बाई, नऊवारीचा काळ संपला तरी कासोटा न सोडलेली. मृदंग वाजवून वाजवून तळहात फळीसारखे झालेले. आवाज घुमू नये म्हणून पुढच्या खोलीच्या भिंतींवर तिने गवती चटया खिळ्यांनी ठोकल्या होत्या. त्या खोलीत शब्दही कोरडा ऐकू यायचा आणि थप्पडही.

चिडकी माणसं तुम्हीही पाहिली असतील, शिक्षकांत तर हटकून असतात. पण हिचा राग उगाच आलेला नव्हता. तरुणपणी ती उत्तम वाजवायची. गायकांना मात्र शेजारी बाई मृदंगाला नको असायची. एकदा कसंबसं एका कॅसेटचं काम मिळालं आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याने तिचा मृदंग इतका खाली दाबला, की कॅसेट बाजारात आल्यावर तिला स्वतःलाच तो सापडेना. ती त्याच्या खोलीत गेली, सगळ्या वायरी उपटल्या आणि त्यातल्याच एकीने त्याला झोडपलं. पुन्हा कुणी तिला बोलावलं नाही. मग पन्नाशीत ती स्वतःच मशीन शिकली. आम्हाला म्हणायची, "मशीन शिका रे. नाहीतर मशीनवाला येऊन तुमचा गळा कापेल, आणि तुम्ही हात जोडून त्याला वणक्कम म्हणाल."

मृदंगाची वादी ठोकायचा गुळगुळीत दगड तिच्या टेबलावर असे. एका मुलीने आपला बेसूर लागलेला गांधार मशीनकडून सरळ करून घेतला, तेव्हा तो दगड तिच्या डोक्यावरून जाऊन चटईत रुतला. "पुन्हा गा!" अक्का ओरडली. "शंभरदा गा! मशीन काय तुझ्या लग्नात येऊन गाणार?" मुलगी रडत रडत गायली आणि गांधार लागला. मग अक्काने आतून कॉफी आणली. मार खाणाऱ्याला पहिला टंबलर, हा तिथला रिवाज होता. कॉफी फार चांगली असायची, म्हणून आम्ही काहीजण थोडा मार मागूनही घ्यायचो.

तिचा एक नियम मात्र मारासकट डोक्यात बसला होता. आवाज साफ करताना, कापताना, जे काढून टाकाल ते आधी वेगळं काढून ऐकायचं. कुणी काही कापलं की तिचा प्रश्न ठरलेला. "टाकलास ते अइकलास का?"

दुसऱ्या वर्षी तिने माझ्या हाती एक काम दिलं. तिचे वडील मराठी कीर्तन करायचे, त्यांची एकच जुनी टेप घरात उरली होती. ती मशीनवर चढवून घेताना टेपचे तुकडे पडले, आता होती ती फक्त कॉम्प्युटरमध्ये. "खरखर तेवढी काढ," ती म्हणाली, "बेस झालं पायजे," आणि मंडईत गेली. माझ्यावर इतका भरवसा तिने कधी टाकला नव्हता. मला मोठं काहीतरी करून दाखवायचं होतं.

खरखर काढायची रीत सोपी असते. जिथे काहीच वाजत नाही असा तुकडा मशीनला दाखवायचा. मशीन तो आवाज ओळखतं आणि सगळीकडून पुसतं. मी अगदी सुरुवातीचा तुकडा दाखवला, वडील गायला लागण्याच्या आधीचा. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे, तंबोरा होता. आमच्यासारख्याला तंबोरा ऐकू येतच नाही हो. पाचव्या वर्षापासून तो चोवीस तास कानात, आमच्याकडे तीच शांतता. मशीनने तो खरखरीबरोबर मुळापासून उपटला. वडिलांचा आवाज असा लख्ख निघाला, की मी खुर्चीतच उडालो. टाकलेलं ऐकलं नाही. वर शहाणपणा केला. दुसरी प्रत होती, तीही पुसून तिथे हीच साफ केलेली ठेवली.

ती आली. पिशवी खाली न ठेवताच तिने ऐकलं. अर्ध्या मिनिटाने विचारलं, "अम्मा कुठंय?"

मला कळेना.

"माझी अम्मा! अप्पाच्या डावीकडे तंबोऱ्यावर बसलीय ती! फोटो नाही तिचा. कधी गायली नाही. एवढीच होती ती. कुठं टाकलास तिला?"

मी काही बोलायच्या आत हात आला. कानाखाली नव्हे, कानावर. डाव्या. आत काहीतरी फाटलं ते मला ऐकू आलं, मग शिट्टी, मग मानेवर गरम रक्त. तिने दुसऱ्यांदा हात उचलला होता. रक्त पाहून तो तसाच राहिला.

ऑटोतून तिनेच मला हॉस्पिटलात नेलं. बाथरूममध्ये पडला असेल, असं नर्स लिहायला लागली, तर ही तिच्यावर खेकसली, "मी मारलं. तसंच लिहा." कानाचा पडदा भरून आला, पण ऐकू येणं परतलं नाही. आमचं व्हायोलिन डाव्या खांद्याला टेकतं, सूर डाव्या कानात पाझरतो. वर्षभर धडपडलो आणि सोडून दिलं. माझ्या आईने तिच्या दारात उभं राहून अख्खी वीथी, म्हणजे गल्ली, गोळा केली, नाही नाही ते बोलली. अक्का उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत राहिली. तिचे शनिवारचे वर्ग बंद झाले.

सहा महिन्यांनी ती आमच्या घरी आली. हातात हेडफोन, पाठीमागे ऑटोवाल्याच्या खांद्यावर तंबोरा.

"तुझा हात मऊ आहे," ती म्हणाली. "तू वाजव. मी अप्पाच्या खाली मिसळते. माझ्या हातून होत नाही रे, तार तुटते."

मी हेडफोन हिसकावून भिंतीवर आपटले. म्हणालो, "आधी माझा कान आणून द्या." मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? तिने तुकडे वेचून पदरात घेतले. "सरि," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली.

तिने शिकवलेल्यावरच मी आज पोट भरतो. पापनाशमला माझी छोटी रेकॉर्डिंगची खोली आहे, भिंतींना चटया आहेत. एका कानाने जमेल तेवढं करतो. तिला पुन्हा भेटलो नाही. बारा वर्षं इतक्या जवळच्या गावात राहून तोंड चुकवणं अवघड असतं, पण मी चुकवलं.

यंदा आडी महिन्यात, आषाढाच्या सुमाराला, ती गेली. तिच्या भाच्याने बोलावलं, कॉम्प्युटर विकायचाय, आत काही ठेवण्यासारखं आहे का बघा. टेबलावर दगड होता. शेजारी तेच हेडफोन, काळ्या टेपने गुंडाळून जोडलेले. मी ते घातले आणि अप्पाच्या नावाची सर्वांत शेवटची फाइल लावली. अप्पा गात होते. खाली काहीच नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तर डाव्या बाजूची रेघ भरभरून हलत होती.

मी हेडफोन काढले, उलटे करून घातले.

तंबोरा उजव्या कानात आला. अम्मा जिथे बसायची तिथेच, डावीकडे, तिने तो बसवला होता. हात मृदंगाचा, आघात जड, तिसरी तार प्रत्येक वेळी घाईत. मध्येच तार कचकन तुटली. तिने स्वतःला शिवी घातली. मग फाडकन आवाज झाला. टेबलावर हात आपटल्याचा नव्हे, तो मी ओळखतो. हा कानावर बसला होता, तिच्याच.

मग तिने नवी तार लावली, जुळवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

भाचा दारातून विचारत होता, यातलं काय टाकू? मी हात वर करून त्याला थांबवलं. मला अजून ऐकायचं होतं.