परमिट रूमच्या माडीवरचे सात दिवस

मी नाशकात एका शाळेत संगीत शिकवते. म्हणजे रोज सकाळी प्रार्थना, पंधरा ऑगस्टला समूहगीत, आणि गणिताच्या बाईंचा पोर्शन राहिला की माझा तास त्यांना. शाळेबाहेर गाते ती ज्येष्ठ नागरिक संघात, हळदीकुंकवाला, आणि गणपतीत सत्कार नि आरती यांच्यामध्ये जी वीस मिनिटं उरतात त्यांत. अशी पुष्कळ वर्षं गेली. म्हणून कीबोर्डवाल्यानं जेव्हा विचारलं, "ताई, द्वारका चौकाच्या पुढं सर्व्हिस रोडला नवीन नाइट क्लब निघालाय, आठवडाभर गाल का?" तेव्हा मी आधी "शी!" म्हणाले आणि मग विचारलं, "माइक कसा आहे?"

"एकदम भारी," तो म्हणाला. तो सातपूरला एका कारखान्यात पहिल्या पाळीला असतो आणि दुपारी सुटला की लग्नांत, वाढदिवसांत वाजवतो. त्याच्या दृष्टीनं ज्या माइकमधून शिट्टी वाजत नाही तो भारी.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गा की. पण सोसायटीत बोलू नकोस." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आमच्या लग्नाइतकाच जुना आहे.

क्लब म्हणजे काय, तर खाली वर्षानुवर्षं एक परमिट रूम होतं. मालक द्राक्षबागायतदाराचा मुलगा. तो चार दिवस गोव्याला जाऊन आला आणि येताना कल्पना घेऊन आला. वरच्या मजल्यावर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट ठेवायची खोली होती, तिला त्यानं काळा रंग दिला, जांभळे दिवे लावले आणि पाटीवर 'क्लब' लिहिलं. जिना तोच, गिऱ्हाईक तेच. खाली मसाला शेंगदाणे मिळत, वर त्यांनाच 'पीनट सॅलड' म्हणत.

उद्घाटनाचा मुहूर्त गुरुजींनी बुधवारचा काढून दिला. दुपारी त्याच हॉलमध्ये सत्यनारायण झाला. गुरुजी बाटल्यांच्या फळीकडं पाठ करून बसले होते. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा पूजेचे केळीचे खांब बारच्या काउंटरला तसेच बांधलेले होते आणि व्होडकाबरोबर शिऱ्याचा द्रोण फिरत होता.

बाहेर मोठा फ्लेक्स होता. 'सात दिवस, सात बँड, मुंबईचे सुप्रसिद्ध कलाकार!' सातही बँडना वेगवेगळी इंग्रजी नावं दिली होती. सातही बँड म्हणजे आम्ही तिघं. मी, कीबोर्डवाला आणि ड्रमवर चाचा. चाचा जुन्या नाशकातल्या बँडवाल्यांच्या घरातले, साठीचे. त्यांच्या आजोबांपासून सगळे वरातीत वाजवत आलेले. आमच्यापैकी मुंबईला शेवटचे तेच जाऊन आले होते, तेही डोळ्याच्या ऑपरेशनला.

"लोक ओळखणार नाहीत का?" मी मालकाला विचारलं.

"म्हणून तर ड्रेस आणलेत ना, मॅडम," तो म्हणाला.

बुधवारी 'रेट्रो', म्हणून गळ्यात ठिपक्याठिपक्यांचा स्कार्फ. गुरुवारी 'गझल', म्हणून शाल. शुक्रवारी 'सूफी', तेव्हा मालक हिरवा फेटा घेऊन चाचांकडं आला. "चाचा, जरा सूफी दिसलं पाहिजे."

चाचा शांतपणे म्हणाले, "शेठ, मी मुसलमान आहे. तेवढं पुरत नाही का?"

शेवटी फेटा कीबोर्डवाल्यानं बांधला. तो पहाटे पाचपासून जागा होता. दुसऱ्याच गाण्यात त्याला झोप लागली आणि एक बोट एका पट्टीवर तसंच राहिलं. तो एकच सूर घुमत राहिला. समोरच्या टेबलावर एकानं डोळे मिटले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "काय लेव्हलला गेलाय बघ."

शनिवारी 'रॉक' होतं. तेव्हा काळे चष्मे मिळाले आणि जांभळ्या उजेडात आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. रविवारी 'जॅझ'. मी मालकाला विचारलं, तुमच्या मते जॅझ म्हणजे नक्की काय? तो विचार करून म्हणाला, "म्हणजे हळू वाजवायचं, आणि मधनंमधनं चुकल्यासारखं." ते आम्हाला चांगलं जमलं.

ऐकणाऱ्यांबद्दल काय सांगू? ज्येष्ठ नागरिक संघात लोक झोपतात, पण समोर बसून, मांडीवर हात ठेवून, अदबीनं झोपतात. इथं सगळे टक्क जागे असत आणि कुणीही ऐकत नसे. रोज कोणत्या ना कोणत्या टेबलावर वाढदिवस. गुरुवारी मी मनापासून एक आलाप घेतला, तर हातात ग्लास घेतलेला एक गृहस्थ चालता चालता थबकला. माझ्याकडं एकटक बघू लागला. मला वाटलं, चला, एक तरी भेटला. मी आणखी वर गेले. तो स्टेजजवळ आला, वाकला आणि म्हणाला, "मॅडम, बाथरूम कुठंय?"

पण खोटं कशाला बोलू? मला मजा येत होती. त्या माइकमधून माझा आवाज पहिल्यांदाच मला धडपणे ऐकू आला. मंडपात आवाज कुठं जातो ते कळतच नाही, तो बहुधा शेजारच्या मंडळाच्या स्पीकरखाली चिरडून मरतो. इथं तो परत येऊन कानाशी थांबायचा. दहाच्या ठोक्याला नियमानं गाणं बंद. मी साडेदहाला घरी. शेजारी विचारत, "आज पण वर्कशॉप?" मी म्हणे, "हो, आज पण."

सोमवार उजाडला. त्या दिवशी 'अनप्लग्ड', म्हणजे विजेवाचून, कीबोर्डऐवजी पेटी. मालकाला हा शब्द फार आवडला होता, कारण त्यात विजेचं बिल कमी येईल असं त्याला वाटत होतं. माझा माइक तेवढा मी भांडून चालू ठेवला. तिसरं गाणं संपलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडं माझं लक्ष गेलं. तिथं आमच्या सोसायटीचे चेअरमन बसले होते.

हे चेअरमन म्हणजे लिफ्टमध्ये 'मौन पाळा' अशी पाटी लावणारे गृहस्थ. दर सोमवारी दुपारनंतर ते त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जातात, हे सगळ्या इमारतीला ठाऊक, कारण जाताना ते प्रत्येक मजल्यावर सांगून जातात. आताही त्यांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते. पुढ्यात व्हिस्की होती आणि पीनट सॅलड होतं.

आमची नजरानजर झाली. त्यांनी मेनूकार्ड उघडून तोंडासमोर धरलं. ते कार्ड एकाच पानाचं होतं. चेअरमन ते शेवटपर्यंत वाचत राहिले.

गप्प बसायला हवं होतं. पण माइक हातात असला की माणसाचं डोकं फिरतं. मी म्हणाले, "आज सोमवार. इथं कुणी त्र्यंबकराजाचं दर्शन घेऊन आलेले रसिक असतील, तर पहिली फर्माईश त्यांची!"

हॉलमध्ये हशा झाला. चेअरमन हलले नाहीत. पण त्यांच्यासोबतच्या मित्राला एव्हाना बऱ्यापैकी चढली होती. तो उभा राहिला, चेअरमनच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडला, "आमचे साहेब! आत्ताच दर्शन घेऊन आलेत! कपाळ बघा!"

टाळ्या पडल्या. चाचांनी उगाचच झांजेवर एक ठोका दिला. चेअरमन पुढच्या गाण्याच्या आत जिना उतरून गेले.

मी खुशीत घरी आले. ही खुशी सकाळी सातपर्यंत टिकली. प्रार्थनेला निघायच्या आधी मोबाईल बघितला, तर सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनचा मजकूर: 'आपल्या सुसंस्कृत सोसायटीतील एक सदस्या मद्यालयात गायन करीत असल्याचे समजले. लहान मुलांवर काय संस्कार होतील? सोसायटीच्या प्रतिमेचा विचार व्हावा.' खाली जोडलेल्या हातांची चित्रं पटापट जमली होती. ते हात निषेधाचे की पाठिंब्याचे, हे त्या चित्रांवरून कधीच कळत नाही.

नाव नव्हतं. पण सोसायटीत गाणारी मी एकटीच. इमारतीतली तीन मुलं माझ्याच शाळेत आहेत. नवऱ्यानं चहा पिता पिता फक्त म्हटलं, "सांगितलं होतं." शाळा सुटेपर्यंत मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. कीबोर्डवाल्याला निरोप पाठवला, आज मी येत नाही, तुम्ही दोघंच काय ते बघा.

दुपारी तीनला दाराची बेल वाजली. दारात चेअरमनची बायको. हातात पेढ्यांचा खोका.

"ताई, तुम्ही कुठं गाता ते मला विचारायचं नाहीये," वहिनी उभ्याउभ्याच म्हणाल्या. "एवढंच सांगा, ह्यांना समजलं कुठून?"

मी दोन बहाणे तयार ठेवले होते. या प्रश्नाला दोन्ही लागू पडेनात.

"बसा ना, वहिनी."

त्या बसल्या. खोका टीपॉयवर ठेवला. "काल दर्शनाला गेले होते. हा प्रसाद. दुकानाचं नाव वाचा."

मी वाचलं. द्वारका चौकातलं दुकान होतं.

"दर सोमवारी हाच खोका," वहिनी म्हणाल्या. "मी आपली समजूत घालायचे, येताना घेत असतील. पण त्र्यंबकहून इकडं आपल्या गंगापूर रोडला येताना द्वारका लागतेच कुठं? किती वर्षं मनात होतं. विचारलं नाही, पेढे चांगले असतात."

"त्यांच्या कपाळावर भस्म होतं," मी म्हणाले. दुसरं काय बोलावं सुचेना. "जांभळ्या दिव्यात फार उठून दिसत होतं."

वहिनींनी पाणी मागितलं. सगळा तांब्या संपवला. आता या रडणार म्हणून मी रुमाल शोधू लागले, तर त्यांनी विचारलं, "आज आहे तुमचं गाणं?"

"आहे. पण मी जाणार नाही म्हणून कळवलंय. आज शेवटचा दिवस, लेडीज नाइट. बायकांना सगळं फुकट."

"फुकट?" वहिनी उठल्या. "मग न जायला काय झालं? पुन्हा कळवा, येते म्हणून."

त्या संध्याकाळी मालकानं सगळीकडं गुलाबी फुगे लावले होते. साडेसात वाजले, आठ वाजले, एकही लेडीज आली नव्हती. पुरुष मात्र नेहमीपेक्षा दुप्पट होते आणि जिन्याकडं डोळे लावून बसले होते. सव्वाआठला जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यांनी केस सारखे केले. वर आल्या त्या आमच्या वहिनी आणि सोसायटीतल्या आणखी दोघी. काठापदराच्या साड्या, गजरे, काखेत पर्सा. एका तरुणानं सवयीनं उठून नमस्कार केला. दोघातिघांनी ग्लास टेबलाखाली घेतले. मालकाला एवढा आनंद झाला की त्यानं तिघींना पहिल्या टेबलावर बसवून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले.

वहिनींनी त्या गुलाबी फुकटच्या पेयाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि फुकट आहे म्हणून ते संपवलं. मग माझ्याकडं तोंड करून बसल्या आणि ऐकू लागल्या. सात दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं. मी एक जुनं भावगीत घेतलं. ते संपल्यावर मागं टाळ्या वाजल्या. वहिनींनी वाजवल्या नाहीत.

"ताई, मधलं कडवं परत म्हणा," त्या म्हणाल्या. "आत्ता नीट नाही आलं."

खरंच नव्हतं आलं. मी घाईत उरकलं होतं. परत म्हटलं. चाचा हसून मला हळूच म्हणाले, "आता पब्लिक आली."

मी घरी पोचेपर्यंत मालकानं काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता. तो वहिनींनीच टाकला होता. तिघी, तीन गुलाबी ग्लास, मागं फुगे. खाली एकच ओळ: 'आम्हालाही समजले.'

त्याच्याखालीही जोडलेले हात जमले. या वेळी जरा जास्तच.

नंतरचं थोडक्यात सांगते. चेअरमनांनी पुढं ग्रुपवर फक्त पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं. पुढच्या सोमवारी ते खरंच त्र्यंबकेश्वरला गेले, वहिनींबरोबर, पहिल्या बसनं, आणि चार तास रांगेत उभे राहिले. आता दर सोमवारी जातात. तिथल्या पेढ्यांना द्वारकेची चव नाही अशी वहिनींची तक्रार आहे. क्लबच्या मालकानं आमच्यानंतर लॅपटॉप घेऊन बसणारा एक डीजे आणला. तो सातही दिवस एकच टोपी घालतो. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. आता गेली नोकरी, असं मी धरून चालले, तर त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "तिथं आपल्याला गाऊ देतात का हो? म्हणजे हौस म्हणून?"

आणि वहिनी बुधवारी, शुक्रवारी दुपारी माझ्याकडं गाणं शिकायला येतात. त्यांना कान आहे, गळा अजिबात नाही. दुसऱ्याचं चुकलं की लगेच कळतं, स्वतःचं चुकलेलं ऐकूच येत नाही. चेअरमन अगदी माझ्या घराखालच्याच मजल्यावर राहतात, तेव्हा त्यांना सगळं ऐकू येत असणार. मी एकदा वहिनींना स्पष्टच सांगितलं, "हे काही जमेल असं वाटत नाही."

"असू दे हो," वहिनी म्हणाल्या, "मला कुठं कार्यक्रम करायचेत?" आणि त्यांनी वरचा सा लावला. तो नी होता.